मुक्त व्यापार करारांनी शेतमालाची निर्यात खरोखर वाढते का?

छावणीकर (इंदूर), मूळ प्रश्न

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या छावणी मंडीत आमच्या कुटुंबाची आडत आहे आणि डॉलर चना (म्हणजे काबुली चना) व सोयाबीन ही आमची मुख्य जिन्नस आहे. डॉलर चन्याचा 42-44 काउंटचा (एका औंसात 42 ते 44 दाणे) जाड माल आम्ही आजवर निर्यातदारांनाच विकत आलो. तो साफ होऊन, पोत्यांत भरला जाऊन तिहीच्या कंटेनर डेपोतून मुंद्रा किंवा न्हावा शेवा बंदराकडे जातो, आणि त्यापुढे त्याचे काय होते याच्याशी आमचा संबंध उरत नाही. आता धाकट्या भावाच्या मनात आहे की निर्यात आपणच करावी. त्याचा मुख्य आधार म्हणजे गेल्या काही वर्षांत झालेले व्यापार करार: संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाशी झालेला त्याच वर्षीच्या 29 डिसेंबरपासून, स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाशी झालेला 1 ऑक्टोबर 2025 पासून, आणि ब्रिटनशी झालेल्या करारावर जुलै 2025 मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी आपण वाचतो की शेतमालासाठी नवी बाजारपेठ उघडली. मंडीतले जुने व्यापारी मात्र अशा बातमीवर एक रुपयानेही भाव वाढवत नाहीत, आणि त्यांना बाजार कळत नाही असे म्हणण्याची माझी छाती नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. भारतासारख्या विकसनशील देशांची अन्नपदार्थांची निर्यात अशा करारांनी वाढल्याची खात्रीची उदाहरणे आहेत का? असतील तर तो फायदा नेमका कोणाच्या पदरात पडला? आणि नसतील, तर शुल्क शून्य होऊनही माल अडतो कुठे? बाजूने किंवा विरोधात घोषणा नकोत, यंत्रणा कशी चालते ते समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_अध्यापक (ग्वाल्हेर)

छावणीकर, उदाहरणे आहेत. पण ती वाचण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शुल्काची सवलत एकट्या आपल्यापुरती मोजून काही कळत नाही. तोच माल विकणाऱ्या इतर देशांना किती शुल्क पडते, यावर तिची किंमत ठरते. आखाती देशांचे सामायिक आयातशुल्क बहुतेक वस्तूंवर 5 टक्के आहे आणि अनेक मूलभूत खाद्यवस्तूंवर तेवढेही नाही. त्यामुळे अमिरातीशी झालेल्या कराराने धान्य-कडधान्याच्या व्यापाऱ्याला मिळणारी सवलत फार तर पाच टक्क्यांची असते, कित्येकदा शून्याची. तुमच्या मंडीतील लोकांनी भाव वाढवला नाही, कारण वाढवण्याजोगे हाती काही आलेले नव्हते.

आता उलट बाजू पाहा. युरोपीय संघात चिलीची द्राक्षे 2003 पासून आणि पेरूची 2013 पासून करारांच्या आधाराने जातात. नाशिकची द्राक्षे तिथे वर्षानुवर्षे शुल्क भरून त्यांच्याशी स्पर्धा करत आली. द्राक्षासारख्या नाशवंत मालात नफ्याचे अंतर इतके थोडे असते की काही टक्क्यांच्या शुल्कानेही खरेदीदार दुसरीकडे वळतो. केनियाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. केनिया अल्पविकसित देशांच्या यादीत नसल्यामुळे, त्या यादीतील देशांना युरोप 2001 पासून शस्त्रे सोडून सर्व मालावर देत असलेली शुल्कमाफी त्याला मिळत नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये युरोपशी कराराची मुदत टळली आणि सुमारे तीन महिने केनियाच्या फुलांवर, फळांवर आणि भाज्यांवर शुल्क लागले. शेजारच्या इथिओपिया आणि टांझानियाला मात्र काहीच लागले नाही, कारण ते देश अल्पविकसित यादीत आहेत. जमीन, हवामान, विमानाचे अंतर जवळपास सारखेच असताना केवळ कागदाच्या फरकाने एका देशाचा माल महाग झाला. केनियाने घाईघाईने वाटाघाटी पूर्ण केल्या त्या यामुळे. म्हणून करारांना काही अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही.

परंतु सवलत मिळाली म्हणून ती टिकतेच असेही नाही. कंबोडिया आणि म्यानमार यांचा तांदूळ याच शुल्कमाफीखाली युरोपात वाढू लागला, तेव्हा इटलीसारख्या तांदूळ पिकवणाऱ्या देशांनी तक्रार केली आणि जानेवारी 2019 पासून त्यावर पहिल्या वर्षी टनाला 175 युरो, दुसऱ्या वर्षी 150 आणि तिसऱ्या वर्षी 125 युरो असे संरक्षक शुल्क बसवले गेले. म्हणजे निर्यात वाढली नाही तर सवलत कागदावर सुखरूप राहते, आणि वाढली की तिच्यावर नजर जाते. व्हिएतनामचा युरोपशी करार ऑगस्ट 2020 मध्ये लागू झाला. त्यात तांदळाला शून्य शुल्क आहे, पण वर्षाला 80,000 टनांपर्यंतच. व्हिएतनाम वर्षाला साठ लाख टनांहून अधिक तांदूळ बाहेर विकतो. बातमीत 'शून्य शुल्क' एवढेच छापले जाते. कोटा आतल्या पानांत राहतो.

प्रक्रिया केलेल्या मालाविषयी थोडे सांगतो, कारण तुमच्या धाकट्या भावाचा विचार पुढे बेसनापर्यंतही जाईल. कच्च्या मालावर शुल्क कमी आणि त्यापासून बनवलेल्या मालावर जास्त, ही श्रीमंत देशांची जुनी रीत आहे. युरोपात कच्च्या कॉफीच्या बियांवर सर्वसाधारण शुल्क शून्य आणि भाजलेल्या कॉफीवर 7.5 टक्के आहे. कोकोच्या बिया शुल्काविना जातात, पण कोको लोण्यावर 7.7 टक्के आणि लगद्यावर 9.6 टक्के लागतात. करारांनी ही चढण काढून टाकता येते आणि तिथे त्यांचा खरा उपयोग आहे. तरीही इथिओपियाला भाजलेल्या कॉफीवर काहीच शुल्क नसताना त्याची निर्यात मुख्यतः कच्च्या बियांचीच राहिली आहे. भाजल्यावर कॉफीचा वास लवकर उडतो, अनेक देशांच्या बियांचे मिश्रण युरोपातच केले जाते, आणि दुकानातील मांडणीवरची जागा तिथल्या कंपन्यांच्या हातात असते. शुल्क हा एक अडथळा होता. तो गेला तरी हे बाकीचे तिथेच राहिले.

जाता जाता, आपणही नेहमी अर्जदाराच्याच बाजूला बसलेलो नसतो. 2016 मध्ये तुरीचे भाव भडकले असताना भारताने मोझांबिकशी पाच वर्षांचा सामंजस्य करार केला, एक लाख टनांपासून दोन लाख टनांपर्यंत तूर घेण्याचा. पुढच्याच हंगामात आपल्याकडे अमाप तूर झाली आणि ऑगस्ट 2017 मध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली गेली. करार असल्यामुळे मोझांबिकचा ठरलेला वाटा त्या मर्यादेबाहेर ठेवला गेला. करार नसलेल्या पुरवठादारांना ही मुभा नव्हती. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या कागदाचे मोल एवढेच होते, आणि ते कमी नव्हते.

डीओसीवाले (इंदूर)

अध्यापक महोदयांचे विवेचन उत्तम आहे, पण छावणीकर सोयाबीनही विकतात, आणि माळव्यापुरते बोलायचे तर व्यापार करारांचा सर्वांत मोठा परिणाम आपल्या निर्यातीवर आयातीच्या वाटेने झाला आहे. हे वर्तमानपत्रात सहसा येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सोयाबीनच्या एका क्विंटलमधून ढोबळमानाने 18 किलो तेल आणि 82 किलोच्या आसपास पेंड निघते, जिला आपण सगळे डीओसी म्हणतो. तेल देशातच खपते. निर्यात होते ती डीओसी. मिलवाल्याचा हिशोब दोन्ही मिळून बसतो. समजा बाहेरून आलेल्या स्वस्त तेलामुळे सोया तेलाचा भाव किलोमागे दहा रुपयांनी उतरला. क्विंटलमागे 180 रुपये गेले. सोयाबीनचा भाव तोच राहिला तर हे 180 रुपये 82 किलो डीओसीतून काढावे लागतात, म्हणजे टनाला सुमारे 2,200 रुपये, साधारण 25 डॉलर. अर्जेंटिनाच्या पेंडीसमोर 25 डॉलर महाग झालेली पेंड व्हिएतनाम किंवा इंडोनेशियाचा कोंबडीखाद्यवाला कशाला घेईल? दुसरा मार्ग म्हणजे सोयाबीनच स्वस्त घेणे, आणि तसे केले की उज्जैन-देवास-शाजापूरच्या शेतकऱ्याला हमीभावही मिळत नाही. 2025-26 साठी हमीभाव 5,328 रुपये जाहीर झाला. मंडीतील प्रत्यक्ष भाव त्याखाली राहिल्यामुळेच मध्य प्रदेश सरकारला भावातील फरक शेतकऱ्याला देणारी भावांतर योजना पुन्हा काढावी लागली.

आता यात करार कुठे येतो ते पाहा. जागतिक व्यापार संघटनेत भारताने पामतेलावर 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याचा हक्क राखला, पण सोया तेलावर कमाल मर्यादा फक्त 45 टक्के मान्य केली. पुढे आग्नेय आशियाई देशांशी झालेला वस्तुव्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला आणि त्यात कच्च्या पामतेलावरील कमाल शुल्क टप्प्याटप्प्याने 37.5 टक्क्यांवर आणि शुद्ध पामतेलावरील 45 टक्क्यांवर आणण्याचे आपण मान्य केले. त्या बदल्यात आपल्या डीओसीला त्या देशांत मोठा लाभ झाला का? तिथे पेंडीवरील शुल्क हा मुळात प्रश्नच नव्हता. प्रश्न भावाचा होता, आणि भाव आपण इकडे पामतेलाने बिघडवून ठेवला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की प्रत्यक्षात लावले जाणारे शुल्क बराच काळ करारातील मर्यादेच्याही खाली राहिले, आणि ते कोणत्याही परदेशी दबावाने नव्हे, शहरी ग्राहकाला तेल महाग पडू नये म्हणून आपल्याच सरकारने ठेवले. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलांवरील एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झाले आणि मे 2025 च्या अखेरीस ते पुन्हा 16.5 टक्क्यांवर आले. यात कराराला दोष देऊन चालणार नाही.

नेपाळचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, आणि ते विकसनशील देशाच्या खाद्यनिर्यातीचेच आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार 2006 पासून आहे. नेपाळ अल्पविकसित देश असल्यामुळे त्याच्या मालात 30 टक्के मूल्यवर्धन तिथेच झालेले दाखवले तरी चालते, भारतासारख्या इतरांना 40 टक्के लागते. नेपाळात सोयाबीन नावापुरते पिकते आणि पामची झाडे नाहीत. तरी आधी पामतेल आणि नंतर सोया तेल ही नेपाळची अव्वल निर्यात ठरली. कच्चे तेल अर्जेंटिना-ब्राझीलसारख्या देशांतून कोलकाता-हल्दियामार्गे तिथे जाते, वीरगंज-विराटनगरच्या कारखान्यांत शुद्ध होते आणि शुल्काविना भारतात येते. जानेवारी 2020 मध्ये भारताने शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली तेव्हा पामतेलाचा ओघ आटला आणि त्याची जागा सोया तेलाने घेतली. भारताने शुल्क वाढवले की नेपाळचा ओघ वाढतो, कमी केले की घटतो. तिथल्या शेताशी त्याचा संबंध नाही. आकडेवारीत ही निर्यातवाढ सुंदर दिसते. नेपाळी शेतकऱ्याला त्यातून काय मिळाले, हे कोणीतरी विचारावे.

शेवटी एक. आपल्या डीओसीची एके काळची मोठी बाजारपेठ इराण होती, आणि इराणशी आपला कोणताही मुक्त व्यापार करार नव्हता. आपण कच्च्या तेलाची किंमत रुपयांत खात्यात भरत होतो आणि इराण त्या रुपयांतून डीओसी, बासमती, चहा घेत होता. मे 2019 मध्ये इराणी तेल घेण्यासाठी निर्बंधांतून मिळालेली अमेरिकेची सूट संपली, आपण तेल घेणे बंद केले, खात्यातले रुपये आटले आणि बाजारही आटला. त्यामुळे कोणी करार-करार म्हणू लागले की मी विचारतो, पैसे येण्याची व्यवस्था काय आहे? आणि युरोपवाल्यांच्या कीटकनाशक अवशेषांच्या मर्यादा हा तर मागच्या दाराने लावलेला करच आहे, पण त्यावर इतर सदस्य लिहितीलच.

प्रयोगशाळेतील_ताई (बडोदे)

डीओसीवाले काका, तेलाचे गणित तुम्ही जसे मांडलेत तसे मी कुठे वाचले नव्हते. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अन्नतपासणीच्या कामात मी बरीच वर्षे आहे, आणि 'हा मागच्या दाराचा कर आहे' हे वाक्य निर्यातदारांच्या तोंडी इतके बसले आहे की त्यामुळे शेतावर करायचे काम मागे पडते.

नियम काय आहे ते आधी सांगते. जागतिक व्यापार संघटनेबरोबर 1995 मध्ये अन्नसुरक्षा आणि वनस्पती-प्राणी आरोग्य यांविषयीचा स्वतंत्र करारही लागू झाला. त्यानुसार कोणताही देश कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकांपेक्षा कडक मर्यादा ठेवू शकतो, मात्र त्यासाठी शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. द्विपक्षीय व्यापार करारांत या विषयावर प्रकरण असते, पण त्यात बहुधा परस्पर सहकार्य, माहितीची देवाणघेवाण, तपासणी अहवालांना मान्यता अशी भाषा असते. अवशेषाची मर्यादा करारात सैल होत नाही. शुल्क शून्य होते त्या दिवशीही प्रयोगशाळेतील आकडा तोच राहतो.

बासमतीचे पाहा. ठरावीक जातींच्या न पॉलिश केलेल्या बासमतीला युरोपात आधीपासूनच शून्य शुल्क आहे. म्हणजे शुल्काची अडचण नव्हती. मग ट्रायसायक्लाझोल या करपा रोगावरील बुरशीनाशकाची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅमवरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली गेली, 2018 च्या आरंभापासून ती लागू झाली, आणि भारतीय बासमतीचा मोठा हिस्सा युरोपच्या बाजारातून बाहेर पडला. पाकिस्तानच्या बासमतीत हे औषध कमी वापरले जात असल्याने त्यांचा हिस्सा वाढला. दोघांनाही शुल्क सारखेच होते. फरक फवारणीचा होता.

2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपल्या आंब्यांवर, वांगी, कारली, पडवळ आणि अळूसह, बंदी घातली, ती फळमाशी सापडल्यामुळे. उष्णजल आणि बाष्प प्रक्रियेची व्यवस्था दाखवल्यावर जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरील बंदी उठली. अमेरिकेत आपला आंबा 2007 मध्ये पुन्हा जाऊ लागला, तो विकिरण प्रक्रियेची अट मान्य करून, आणि लासलगावचे विकिरण केंद्र त्यासाठीच उपयोगी पडले. या दोन्ही ठिकाणी दार शुल्काने बंद नव्हते आणि शुल्काने उघडलेही नाही.

आता काकांच्या बाजूचेही मांडते, कारण ते पूर्ण चुकीचे नाहीत. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या बाबतीत युरोपची थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठीची एकूण मर्यादा अब्जात 4 भाग आहे आणि ती कोडेक्सहून कडक आहे. ओट्सुकी, विल्सन आणि सेवादेह यांनी 2001 मध्ये जागतिक बँकेसाठी अंदाज काढला की या कडकपणामुळे आफ्रिकेची धान्ये, सुकी फळे आणि कवचफळे यांची निर्यात 67 कोटी डॉलरने घटेल, आणि त्या बदल्यात युरोपात अब्ज लोकांमागे वर्षाला दोनाहूनही कमी जीव वाचतील. हा आकडा पुष्कळ गाजला. पुढे शिओंग आणि बेगिन यांनी प्रत्यक्ष शेंगदाणा व्यापाराची आकडेवारी तपासली तेव्हा त्यांना नियमाचा ठळक परिणाम आढळला नाही. आफ्रिकी देशांची निर्यात अडवणारी कारणे बरीचशी त्यांच्या घरचीच होती, उत्पादन आणि साठवणूक यांतली. पहिला अंदाज आजही भाषणांत ऐकू येतो, दुसरा अभ्यास क्वचितच.

छोट्या शेतकऱ्यावर मात्र या सगळ्याचा भार अधिक पडतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. एका नमुन्याच्या अवशेष तपासणीचा खर्च कंटेनरभर मालाला तितकाच आणि पाच पोत्यांनाही तितकाच येतो. द्राक्षांत अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने ग्रेपनेट उभारून प्रत्येक बागेची नोंद ठेवली म्हणून, 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक औषधाच्या अवशेषांमुळे माल परत आल्यानंतरही हा व्यवसाय सावरला. मंडीत दहा गावांचा चना एका ढिगात मिसळतो. त्यात कोणत्या शेतात काय फवारले, हे कोण सांगणार? छावणीकर दादा, तुमच्या भावाने शुल्काच्या तक्त्यापेक्षा आधी या ढिगाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सेंद्रिय_निमाड (खरगोन)

ताईंच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. आमच्या भागातील सेंद्रिय सोयाबीनची पेंड अमेरिकेत चांगल्या भावाने जात होती. 2021 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या अपेडामार्फत होणारे सेंद्रिय प्रमाणीकरण मान्य करण्याची व्यवस्था संपवण्याचे जाहीर केले, आणि 2022 मध्ये त्याच पेंडीवर भारतातून अनुदानित व स्वस्त माल येतो म्हणून प्रतिकारी शुल्क आणि डंपिंगविरोधी शुल्क अशी दोन्ही लागली. प्रतिकारी शुल्काचा सर्वांत वरचा दर 283 टक्क्यांहून अधिक होता. अशा शुल्कांचा हक्क जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतच आहे आणि मुक्त व्यापार करार झाला तरी दोन्ही पक्ष तो बहुधा राखूनच ठेवतात. विकसनशील देश म्हणून मिळणाऱ्या सवलतीही देणाऱ्याच्या मर्जीवर असतात; अमेरिकेने भारताला दिलेली तशी सवलत 5 जून 2019 पासून काढून घेतली, त्यासाठी कोणत्याही लवादाकडे जाण्याची गरज पडली नाही. द्विपक्षीय कराराचा निदान एवढा फायदा आहे की दिलेले सहजी परत घेता येत नाही.

छावणीकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, ढिगाविषयी तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे. आमच्याकडे भाव काउंटवर आणि दाण्याच्या रंगावर ठरतो, शेताचे नाव तुलाईबरोबरच संपते. आता व्यवहारापुरता एक प्रश्न विचारतो: डॉलर चना दुबईच्या खरेदीदाराला विकायचा असेल, तर अमिरातीच्या कराराचा लाभ घेण्यासाठी नेमके काय करावे लागते, आणि तो घेण्याजोगा आहे का?

सीएचए_पीथमपूर

छावणीकर भाऊ, सीमाशुल्काच्या कागदपत्रांचे कामच आम्ही करतो, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा मालाचा शुल्क-क्रमांक पाहावा; चन्याचा 0713.20 आहे. करारासोबतच्या अमिरातीच्या तक्त्यात त्यासमोर आधी किती शुल्क होते आणि आता किती आहे ते वाचावे. आधीच शून्य असेल तर करारातील सवलतीसाठी धडपडण्यात अर्थ नाही, आणि निवृत्त अध्यापकांनी वर तेच सांगितले आहे. सवलत असेल तर उत्पत्तीचे प्रमाणपत्र लागेल. ते परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन मंचावरून निघते. भारतात पेरलेला आणि काढलेला चना असेल तर मूल्यवर्धनाच्या टक्केवारीत पडावे लागत नाही. तो संपूर्णपणे इथलाच माल ठरतो. सावधगिरी एकाच ठिकाणी हवी. मुंबईच्या बाजारात सुडानचा काबुली चनाही येतो, कारण अल्पविकसित देशांना भारत 2008 पासून शुल्कसवलत देतो. जाड माल कमी पडला म्हणून कोणी तो मिसळला आणि वर भारतीय उत्पत्तीचे प्रमाणपत्र लावले, तर तपासणीत सवलत तर जातेच, पुढच्या खेपाही अडकतात.

दुसरे, दुबईचा खरेदीदार माल तिथेच विकणार आहे की तिथल्या जेबेल अली बंदरातून पुढे पाठवणार, हे आधी विचारा. इराक किंवा अल्जीरियाला जाणारा माल तिथे त्या देशाचे शुल्क भरतो आणि भारत-अमिराती कराराचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. दुबईच्या व्यापाऱ्याने "करारामुळे तुम्हाला फायदा आहे, भाव कमी करा" म्हटले तर हे लक्षात असू द्यावे. मी असे ऐकून भाव सोडणारे नवे निर्यातदार पाहिले आहेत.

याशिवाय आयात-निर्यात संकेतांक, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि धुरीकरणाचा दाखला हे नेहमीचेच आहे आणि आमच्यासारख्या कोणाकडूनही होते.

मात्र मला सर्वाधिक धास्ती वाटते ती आपल्याच अधिसूचनांची, आणि इथे कोणी तिचा उल्लेख केला नाही. अमिरातीशी करार 1 मे 2022 ला लागू झाला आणि 13 मे 2022 ला आपण गव्हाची निर्यात बंद केली. खुद्द अमिरातीने नंतर भारतीय गहू तिथून पुढे पाठवण्यावर चार महिन्यांची स्थगिती आणली. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळ, डिसेंबर 2023 मध्ये कांदा, हाच अनुभव. करार दुसऱ्या देशाला शुल्क वाढवण्यापासून रोखतो; आपल्या सरकारला महागाईच्या दिवसांत निर्यात थांबवण्यापासून तो रोखत नाही. हंगामाच्या मध्यावर माल थांबला की परदेशी खरेदीदार ऑस्ट्रेलिया किंवा मेक्सिकोच्या चन्याकडे जातो आणि परत आणण्यासाठी भाव पाडावा लागतो. गव्हाच्या त्या अधिसूचनेत बंदीच्या तारखेपर्यंत ज्यांच्या मालासाठी अटळ पतपत्र (पैसे देण्याची बँकेची रद्द न होणारी हमी) निघालेले होते, त्यांना वाट दिली गेली. नुसत्या सौदा-चिठ्ठीवर किंवा फोनवरच्या शब्दावर माल गोदामात भरून बसलेल्यांना ती मिळाली नाही. म्हणून भावाला सांगा, पहिली खेप एकाच कंटेनरची ठेवा, खरेदीदाराच्या बँकेचे अटळ पतपत्र हाती येईपर्यंत मंडीत त्या सौद्यासाठी खरेदी सुरू करू नका, आणि करारनाम्यात सरकारी निर्यातबंदी आल्यास दंड लागणार नाही असे कलम घालून घ्या.